रात्रीची गोळी

जुन्नरच्या बाजारपेठेत कुंडलिकचं औषधांचं दुकान, आणि बरोबर समोर रमणलालशेठचं कापडाचं. मधला रस्ता इतका अरुंद, की एकाच्या गल्ल्यावर बसून दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाशी बोलता यावं. बावीस वर्षं दोघे असे समोरासमोर बसत आले होते. शेठ थट्टेखोर आणि कुंडलिक तोंडाळ, त्यामुळे रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची फुकटात करमणूक होई.

२००५च्या एप्रिलमध्ये परकराचं कापड मोजताना शेठच्या हातून गज गळून पडला. उजवा हात लुळा झाला, बोलणं अडखळलं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. शेठ म्हणाले, "हात झोपला व्हता जरा." कुंडलिक दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडून आला.

"शेठ, हे झोपणं साधं न्हाई. उद्याच्या उद्या पुण्याला जायचं. न्हाई गेलात तर मी तुमच्या दुकानासमोर आडवा पडंन."

"पड की. तेवढाच रस्ता झाडला जाईल," शेठ म्हणाले. पण गेले.

पुण्याच्या डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि एका कागदावर नळी काढून दाखवली. शेठच्या मुलाने, अंकितने, तो कागद कुंडलिकच्या काउंटरवर पसरला. डॉक्टर म्हणाले होते, नळीच्या भिंतीत चरबी साचली आहे, पण नुसती चरबी असती तर एवढी काळजी नव्हती. शरीर त्या चरबीला परकं समजतं. पांढऱ्या पेशी तिच्यावर धावून जातात, आणि आतल्या आत सूज धरते. त्या सुजेतून जी रसायनं सुटतात, ती चरबीवरचा पापुद्रा कुरतडून पातळ करतात. पापुद्रा फाटला की तिथं रक्त गोठतं आणि गुठळी मेंदूत जाऊन अडकते. नळी किती अरुंद झाली यापेक्षा आत किती धुमसतंय, ते महत्त्वाचं.

"सूज म्हणतात, पण कॉलरचं बटण तर लागतंय," शेठ आरशात मान वळवून बघत म्हणाले.

गोळ्या दोन होत्या. सकाळची रक्त पातळ ठेवणारी. दुसरी चरबी उतरवणारी आणि त्या सुजेलाही आवर घालणारी. तिच्यापुढे लिहिलं होतं, रात्री जेवणानंतर. शेठनी तीन महिने दोन्ही गोळ्या नेमाने घेतल्या.

आषाढात चातुर्मास लागायच्या बेतात शेठनी जन्मात पहिल्यांदा चौविहार धरायचं ठरवलं. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चार महिने. हात लुळा पडल्यापासून त्यांना मरणाची धास्ती वाटायला लागली होती, आणि धास्तीवर त्यांच्या जैन घरात हाच उपाय होता. बाजाराच्या दिवशी दुपारी ते गोळ्या न्यायला आले. काउंटरला माणसं चिकटली होती. खोकल्याचं औषध, जनावरांची पावडर, पोराचा ताप. कुंडलिकने सकाळच्या गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या बांधल्या आणि रात्रीच्या काढून बाजूला ठेवल्या.

शेठ म्हणाले, "कुंडलिक, चातुर्मासात आमची रात्र जेवत न्हाई. तिला गोळी कशी द्यायची?"

"मग तिला उपाशीच झोपवा," कुंडलिक म्हणाला.

काउंटरवरची माणसं खो खो हसली. शेठही हसले, "बरं, तुझ्यासारखा वैद्य असल्यावर काय," असं म्हणून त्यांनी टोपी सारखी केली आणि ते निघून गेले. गर्दी ओसरल्यावर कुंडलिकच्या लक्षात आलं, की रात्रीच्या गोळ्यांचं पाकीट काउंटरवरच राहिलं आहे. हाक मारण्याइतकं अंतर होतं. पण तेवढ्यात फोन वाजला आणि पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. संध्याकाळी देऊ, असं त्याने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अंकित पुण्याहून माल घेऊन आला. त्याच्या हातात पुण्यातल्या कुठल्याशा औषध दुकानाची पिशवी होती. कुंडलिकच्या मनाला ते लागलं. बावीस वर्षांचा शेजार, आणि गोळ्या पुण्याहून! तोंडाळ माणूस, पण हे त्याने तोंडाने विचारलं नाही. ड्रॉवरमधलं पाकीट परत फळीवर ठेवलं. पिशवीत अंकितच्या बायकोचं, राखीचं टॉनिक होतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमारास, शेठ दुकानाचं शटर वर करताना कोसळले. जीपमध्ये घालून पुण्याला नेईपर्यंत साडेतीन तास गेले. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. फक्त एक शब्द उरला, 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं.

शेठना घरी आणल्यावर कुंडलिक भेटायला गेला. राखीने चहा दिला. अंकित गेल्या महिन्याभराचं साठलेलं बोलत होता.

"डॉक्टरांनी मला तोंडावर विचारलं, काका. म्हणाले, रात्रीची गोळी जुलैपासून बंद कशी? घेतली असती तर झालंच नसतं असं नाही म्हणाले ते. पण आतली सूज दाबून ठेवायला तीच होती, आणि वेळेचं एवढं काही नव्हतं म्हणे, दुपारी घेतली तरी चालली असती. आता यांना कोण सांगणार? हट्ट! आपलंच खरं करायचं."

"हट्ट नव्हता रे," अंकितची आई, उगमबाई, दाराशी बसून म्हणाल्या. "मला म्हणाले होते, विचारून आलोय, चार महिने नाही घेतली तरी चालतंय."

"कुणाला विचारलं? आई, ते असंच सांगतात नेहमी."

पलंगावरून शेठ म्हणाले, "बरं."

कुंडलिकने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि तो घरी गेला.

महिनाभर तो समोरच्या दुकानात अंकितला गिऱ्हाइकांपुढे तेच सांगताना ऐकत होता. अवसरीहून आलेल्या पाहुण्यांना, शाळेच्या मास्तरांना, लेण्याद्रीला निघालेल्या ओळखीच्यांना. पप्पांचा हट्ट नडला. भेटायला जाणारा प्रत्येक जण मग शेठच्या उशाशी बसून त्यांना गोळ्या वेळेवर घेण्याचा उपदेश करून येई. ज्याच्या थट्टेला आख्खी पेठ वचकून होती, तो माणूस ते सगळं पडल्या पडल्या ऐकून घेई.

दिवाळी झाल्यावर कुंडलिकने भर दुपारी दुकान बंद केलं आणि रस्ता ओलांडला. अंकितला म्हणाला, "वर चल. शेठसमोर बोलायचंय."

वर उगमबाई शेठना खिमटी भरवत होत्या. कुंडलिक उभ्यानेच बोलला. बाजाराचा दिवस, शेठचा प्रश्न, आपलं उत्तर, राहिलेलं पाकीट, पिशवी. काही गाळलं नाही. "शेठनी विचारलं व्हतं. मला विचारलं व्हतं. मी चेष्टा केली, त्यांनी ती सल्ला म्हणून घेतली. त्यांचा हट्ट नव्हता, अंकित. चूक माझी हाय."

अंकितचे डोळे भरून आले आणि त्याने कुंडलिकचा हात धरला.

"काका, तुम्ही लई मोठ्या मनाचे आहात. पप्पांना बोल लागू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. पण चेष्टा ऐकून गोळी सोडायला ते काय लहान आहेत? राहू द्या."

"अरे, खरं सांगतोय मी."

"कळतंय मला. बसा, चहा घेऊन जा."

उगमबाईंनी चमचा वाटीत ठेवला. कुंडलिककडे एकदाच वर पाहिलं. त्या पाहण्यावरून त्याला कळलं, की या घरात एका माणसाने तरी ते खरं मानलंय. मग पदराने त्यांनी शेठची हनुवटी पुसली.

कुंडलिक पलंगाशी वाकला. "शेठ, तुमी सांगा त्याला. तुमी विचारलं व्हतं ना मला?"

शेठ त्याच्याकडे बघत होते. डाव्या हाताने त्यांनी त्याचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"बरं," ते म्हणाले.

"बघा," अंकित मागून म्हणाला, "पप्पाही म्हणतायत, राहू द्या."