शेंदूर लागलेला गोटा

मित्रांनो, मी नदीतला एक जुना गोटा आहे. पण मला रस्त्यावरच्या दगडधोंड्यांत मोजू नका. इंदुरीच्या झुंबरबाई कुंभारणीची मडकी घोटता घोटता मी म्हातारा झालो. मडकं अर्धवट सुकलं, की ती मला त्याच्या अंगावरून गोल गोल फिरवायची आणि ते आरशासारखं चकाकायचं. मात्र पार सुकल्यावर कितीही घासा, चकाकी येत नाही. बाजारात लोक मडक्याची वाहवा करत. माझं नाव कुणी काढत नसे. मला फार राग येई.

मावळातून विजेवरच्या रेल्वेगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या, त्या वर्षीची गोष्ट. झुंबरबाईच्या चिंगीचं लग्न ठरलं होतं. गावातल्या साऱ्या लेकींच्या लग्नाची मडकी आम्ही घोटलेली, आता घरचंच लग्न! झुंबरबाईने मला इंद्रायणीवर धुतलं आणि गडबडीत घाटावरच विसरली. तिथे अंबाजी आबा आंघोळीला आले. माझ्या गुळगुळीत पोटावरून हात फिरवून ते ओरडले, "अरं, स्वयंभू देव घावला!"

उंबराखाली माझी स्थापना झाली. शेंदूर, तेल, फुलं, नारळ! खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं.

दुपारी झुंबरबाई धावत आली. "आबा, ह्यो माझा गोटा हाय! मडकी सुकाया लागली. आज घोटली न्हाईत, तर पोरीच्या लग्नात खरबरीत मडकी मांडू व्हय?"

"देवाला गोटा म्हंतीस? हात लावू नगंस!"

तिचे डोळे भरून आले. मला माझं देवपण टोचू लागलं. ती घरी गेली आणि डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन परतली.

"बरं आबा, देवाला हात न्हाई लावत. मडकी पाया पडाया आणलीत. चालंल न्हवं?"

पाया पडायला नाही कसं म्हणणार? तिने मडकं उचललं आणि माझ्यावर घासायला सुरुवात केली. शेंदूर निघाला, फुलं उडाली, नारळ गडगडत नदीत गेला.

"अगं, किती पाया पडतीस? देव झिजंल की!" आबा कळवळले.

"झिजू द्या. कामाचा देव हाय माझा."

इतक्या वर्षांतलं माझं हे पहिलं कौतुक. मला रडूच आलं असतं, पण दगडाला ते जमत नाही. संध्याकाळपर्यंत सारी मडकी चकाकली. पहिल्या मडक्यावर भट्टीत भाजल्यानंतरही शेंदरी झाक राहिली होती, ती लग्नात नवऱ्यामुलाच्या आईने नक्षी समजून वाखाणली.

मी अजून उंबराखालीच आहे आणि झुंबरबाई अजून पाटी घेऊन येते. मित्रांनो, घरातल्या जुन्या हत्यारांना हार घालून कोनाड्यात बसवू नका. धुवा, पुसा, कामाला लावा. आणि कधी इंदुरीला आलात, तर मला नारळ आणू नका. एखादं अर्धवट सुकलेलं मडकं तेवढं घेऊन या.