माझं डावं मडगार्ड

मित्रांनो, मी वीतभर लांबीची प्लॅस्टिकची मोटार आहे आणि स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे तुम्ही मला हसणार नाही. नव्वद वर्षांपूर्वी परदेशात धावणाऱ्या एका उघड्या, लांब नाकाच्या मोटारीची मी नक्कल आहे. ती खरी गाडी म्हणे वाऱ्यासारखी पळायची. मला मात्र फूटभरही पळता येत नाही, कारण ज्यांनी मला जोडलं त्यांनी गोंद जरा जास्तच लावला आणि पुढची दोन्ही चाकं कायमची चिकटून बसली.

जोडणाऱ्यांचं नाव पद्माकर. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी ते बेंगळूरच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर नवीनच लागले होते. जर्मनीला जाऊन आलेल्या एका सोबत्याने त्यांना माझी पेटी आणून दिली. पेटीत मी एकशे बारा तुकड्यांत होते. मल्लेश्वरमच्या त्यांच्या घरात दर रविवारी जेवणं आटोपली की ते जमिनीवर पेपर पसरून बसत आणि एकेक तुकडा जोडत. शेवटी फाटकाला आणलेल्या तेलरंगातला उरलेला लालभडक रंग त्यांनी मला फासला. ब्रशचे फराटे दिसत होते, तरी पाहुणे विचारत, "हे तुम्ही केलंत?" आणि पद्माकर इंचभर उंच होत.

ते दिवस सरले. एका दिवाळीच्या साफसफाईत माझी काच फुटली, दुसऱ्या दिवाळीत मागचं जादा चाक गेलं. नाकावरची जाळी कुठे पडली ते कुणालाच कळलं नाही. मग मी चपलांच्या खोक्यात गेले आणि खोकं माळ्यावर गेलं. तिथे उंदीर होते. ते खोक्याचा कोपरा कुरतडत, तेव्हा पुढचा घास माझाच, असं वाटून मी गोठून जायची. तिथे मी किती वर्षं काढली ते मला मोजता आलं नाही.

मला खाली काढलं ते क्षमामुळे. क्षमा पद्माकरांची सून, त्यांच्या मुलाची, रघुपतीची बायको. राजाजीनगरच्या एका डेंटल लॅबमध्ये ती अठरा वर्षं कवळ्या आणि दातांच्या टोप्या करत होती. गेल्या वर्षी काम करताना फिरती चकती फुटली आणि तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. शिरा जोडल्या, जखम भरली, अंगठा वाकू लागला. पण हातात पातं घेतलं की तिची बोटं ताठ होत आणि थरथरू लागत. व्यायाम शिकवणाऱ्या दिव्यश्री नावाच्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "हात बरा झालाय. भीती बरी व्हायची आहे. घरी बसून काहीतरी बारीक काम करा."

त्याच दिवशी पद्माकरांनी स्वतः शिडी लावून मला खाली आणलं.

"हिला नीट कर," ते म्हणाले. "बिघडली तरी चालेल. कुणाच्या तोंडात बसवायची नाही."

क्षमा हसली. मला मात्र हसू आलं नाही. बिघडली तरी चालेल म्हणजे काय?

तिने मला साबणाच्या पाण्याने धुतलं, जुन्या टूथब्रशने फटीफटीतली धूळ काढली. मग माझे सुटे होण्यासारखे भाग हळूच सोडवले. रंग काढायला तिने डब्यात ब्रेक ऑइल ओतलं आणि मला त्यात बुडवून झाकण लावलं. मित्रांनो, आपली कातडी आपल्यापासून सुटते आहे आणि ओरडायला तोंड नाही, याची कल्पना करून पाहा. दोन दिवसांत माझा लाल रंग सुरकुतला आणि सालीसारखा निघाला. खाली मी फिक्कट पांढरी होते. क्षमाने हातमोजे घालून मला उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "अगं, तू तर किती सुबक आहेस!" तिचा हात त्या वेळी थरथरत नव्हता. ते तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

डाव्या मडगार्डच्या वळणात थोडा लाल रंग चिकटून राहिला होता. "उद्या परत एकदा," असं म्हणून तिने मला डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रघुपती कामावर गेला आणि ती व्यायामाला गेली. घरात पद्माकर एकटेच.

त्यांना धीर नव्हता. त्यांनी डबा उघडला, मला बाहेर काढून पुसलं आणि तो लाल डाग नखाने खरवडून पाहिला. तो निघेना. मग ते आत गेले आणि क्षमाच्या कपाटातून नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आले. कापसाचा ओला बोळा माझ्या डाव्या मडगार्डवर टेकला. आधी थंड वाटलं. मग माझं अंग मऊ पडू लागलं. डाग गेला, पण त्याच्याबरोबर मडगार्डची धारही गेली. कापसाचे तंतू माझ्यात रुतले. पद्माकर घाबरले आणि त्यांनी बोटाने ते वळण सरळ करायचा प्रयत्न केला, तसं ते आणखीच खचलं. मी वितळत होते आणि ते पाहत होते. आम्हा दोघांपैकी जास्त कोण भ्यालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांनी चमच्याच्या पाठीने मडगार्ड दाबलं, तंतू उपटले, मला पुन्हा डब्यात टाकलं आणि बाटली जागच्या जागी ठेवली. मग ते पेपर घेऊन खुर्चीत बसले. पेपर उलटा होता.

दुपारी क्षमाने मला बाहेर काढलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मामंजी, हिला तुम्ही हात लावला होता?"

"मी? नाही गं. मी इथेच होतो, वाचत."

"मग हे असं कसं झालं?"

"तेलात जास्त वेळ राहिली असेल. किंवा काल घासताना दाब पडला असेल तुझा."

क्षमाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अगदी परक्याच्या हाताकडे पाहावं तसं. मला पेपरावर ठेवून ती आत निघून गेली.

पद्माकर वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. महिन्यापूर्वी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. भांडं जळालं, घरभर धूर झाला. रघुपती ओरडला होता, "अण्णा, आता स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही! एकट्याला घरी ठेवायची सोय राहिली नाही तुमची." तेव्हापासून ते प्रत्येक पाऊल चाचपून टाकत. आणखी एक चूक कळली, तर म्हातारा कामातून गेला असं सगळे धरून चालतील, याची त्यांना दहशत बसली होती.

तीन दिवस मी खिडकीशी पडून राहिले. क्षमा फिरकली नाही. पद्माकर मात्र येत, मला उचलत, डावी बाजू पाहून परत ठेवत. त्यांचं जेवण कमी झालं होतं. खरं काय ते फक्त मला आणि त्यांना ठाऊक होतं. मला बोलता येत नव्हतं आणि ते बोलत नव्हते.

चौथ्या दिवशी लॅबचे मालक नागराज यांचा फोन आला. सोमवारपासून दोन-दोन तास आलात तरी चालेल, असं ते सांगत असावेत. क्षमा कानडीतच बोलत होती. "आगल्ला, सर," ती म्हणाली. होणार नाही. "माझ्या हातात आता काही राहिलं नाही. साधी खेळण्यातली गाडी धड करता आली नाही मला. तुम्ही माझ्या जागी दुसरं कुणी बघा."

पद्माकर खुर्चीतून इतक्या झटक्याने उठले की चष्मा खाली पडला.

"क्षमा, नाही म्हणू नकोस! ते तू नाही केलंस."

"मामंजी, मी फोनवर..."

"मी केलं. तुझ्या नेलपॉलिशच्या औषधाने पुसलं. तू व्यायामाला गेली होतीस तेव्हा. मी खोटं बोललो तुझ्याशी."

फोनमधून नागराजांचा आवाज येत राहिला, "हलो? अक्का?" क्षमाने "सरी, आमेले माडतिनी," म्हणजे बरं, नंतर फोन करते, असं कसंबसं म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, आता सगळं गोड होईल. तसं झालं नाही. तिचा आवाज चढला.

"तीन दिवस, मामंजी! तीन दिवस मी माझा हात मेला म्हणून बसले होते. तुम्ही समोर बसून बघत होतात!"

"हो."

"आणि आत्ता मी नोकरी सोडत होते!"

"हो गं. म्हणून तर उठलो."

ती खिडकीशी आली आणि तिने मला उचलून टेबलावर ठेवलं. मग तिने आपल्या लॅबच्या हत्यारांच्या पेटीतून बारीक पातं काढलं. खचलेला भाग कापल्याशिवाय इलाज नव्हता. पातं माझ्या दिशेने आलं आणि तिची बोटं थरथरू लागली. पात्याचं टोक माझ्यासमोर नाचत होतं. माझ्या आयुष्यात उंदीर, तेल, औषध सगळं झालं होतं, पण त्या टोकाइतकं मी कशालाच भ्याले नव्हते. इतक्यात पद्माकरांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बोटं काढा, मामंजी. लागेल तुम्हाला."

"लागू दे. तू काप."

पहिल्यांदा पातं घसरलं आणि माझ्या दारावर लांब ओरखडा उठला. क्षमाने पातं टाकून दिलं. पद्माकर हलले नाहीत. थोड्या वेळाने तिने ते परत उचललं, श्वास रोखला आणि कापलं. हात थरथरतच होता, पण कापत गेला.

पुढचं काम तिच्या रोजच्या विद्येतलं होतं. अठरा वर्षं तिने उजव्या दाढेकडे पाहून डावी दाढ कोरली होती. आता माझं उजवं मडगार्ड समोर ठेवून तिने मेणाचं डावं कोरलं. ते प्लॅस्टरमध्ये पुरलं, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत कवळीची गुलाबी पूड आणि द्रव कालवून भरला. प्लॅस्टर फोडलं तेव्हा हिरडीच्या रंगाचं नवंकोरं मडगार्ड बाहेर आलं. नाकावरची जाळीही तिने तशीच केली. बाकी अंगाला तिने गडद हिरवा रंग दिला, पातळ थरांत, एकही फराटा न दिसता. मडगार्डकडे ब्रश वळला तेव्हा पद्माकर म्हणाले, "त्याला नको. ते तसंच राहू दे."

रविवारी रघुपतीने मला हातात घेतलं. "वा! पण हे एकच गुलाबी का?"

पद्माकरांनी सगळं सांगितलं, बाटलीपासून उलट्या पेपरापर्यंत. त्यांचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. मीही श्वास धरून होते, म्हणजे मला श्वास असता तर धरला असता.

रघुपती म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचं ना, अण्णा."

"तू ओरडतोस."

रघुपतीने मला टेबलावर ठेवलं आणि तो वडिलांच्या शेजारी बसला.

क्षमा आता रोज दोन तास लॅबमध्ये जाते. एखाद्या दिवशी बोटं थरथरतात, मग ती थांबते आणि पुन्हा सुरू करते. माझंही भय पुरतं गेलेलं नाही. कुणी उचललं की अजून धस्स होतं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. पण आमच्यापैकी एखादी तुमच्या हातून मोडली, तर त्याच दिवशी घरात सांगा. माझ्यासारखीला नवा तुकडा करून बसवता येतो. तुमच्या गप्प राहण्याने मात्र दुसऱ्याच कुणाला तडा जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. आणि कुणी घाबरत घाबरत तुमच्याकडे असं काही सांगायला आलं, तर एवढंच करा. आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. ओरडू नका.