सलाइनच्या नळीतलं काळं रक्त

चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली, की वॉर्डातली सगळी गर्दी सात नंबरच्या खाटेभोवती. ज्यांचं माणूस दुसऱ्या टोकाला कण्हत होतं तेही फळांची पिशवी हातात तशीच धरून माना उंचावत होते. मधोमध बाटलीबाबा. हे नाव वॉर्डबॉयने थट्टेने ठेवलेलं, पण भक्तही आता तेच म्हणत.

"या देहात सत्तर नद्या," बाबा सांगत होते, "आणि प्रत्येकीच्या तळाला विष. डॉक्टर वरून पाणी ओततात. तळ कोण उपसणार?"

त्यांनी खांबावरची सलाइनची बाटली काढली आणि ओठ हलवत हळूहळू खाटेखाली नेली. रुग्णाच्या हातातल्या सुईपासून नळी लाल होत गेली, चांगली वीतभर. रक्त काळपट होतं. बायकांनी हात जोडले. बाटली पुन्हा वर गेली, तसं रक्तही आत गेलं. "शुद्ध करून परत पाठवलं," बाबा म्हणाले. एवढी झटपट धुलाई कुठल्या धोब्यालाही जमत नाही.

नऊ नंबरवर माझा थोरला भाऊ होता. रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टरांनी चौदा दिवस शिरेतून औषध सांगितलेलं. पाच दिवस झाले तरी ताप हटत नव्हता. वहिनीचा धीर सुटला होता. बाबांनी दादाचीही नळी लाल करून दाखवली आणि फर्मावलं, "घरी न्या. बाहेरचा एक थेंब आत जायला नको. उरलेलं विष आपोआप जिरेल."

आम्ही दोघे भाऊ प्लंबर. वीस वर्षं लोकांच्या गच्चीवर टाक्या बसवल्या. गिऱ्हाईक मोठी टाकी मागतं, आणि दादा प्रत्येकाला समजावतो, की नळाला जोर टाकीच्या पोटाने येत नाही, उंचीने येतो. पाण्याची पातळी नळाच्या जितकी वर, तितका दाब जास्त. सलाइनचंही तेच. बाटली उंच असते तेव्हा तिच्या पाण्याचा दाब शिरेतल्या रक्ताच्या दाबाला भारी पडतो आणि औषध आत जातं. बाटली खाली आणली की रक्ताचा दाब वरचढ होतो आणि रक्त नळीत उतरतं. शिरेतलं रक्त काळपटच असतं. तुमचं, माझं, बाबांचंसुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर दादाची बाटली काढली. "ना मंत्र, ना उपास. पोटभर जेवून आलोय," म्हणालो आणि ती खाली नेली. नळी लाल झाली. वर टांगली, साफ झाली. मग टाकीचं सगळं समजावून सांगितलं.

सात नंबरच्या रुग्णाच्या आईने मलाच हात जोडले. "तुमच्याही हाताला गुण आहे की हो."

वहिनी म्हणाली, "मग भावोजी, तुम्हीच घरी विष काढत जा ना. बाहेरचा माणूस कशाला?"

हसावं की रडावं कळेना. "दादा, तू तरी सांग. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे रे," दादा म्हणाला. "पण मला बरं वाटत नाहीये. आणि हिचं रडणं बघवत नाही. जाऊ दे घरी."

चाळीस खाटांना एकटी असलेली सिस्टर भांडली, डॉक्टर रागावले, मग विनवण्या करू लागले. शेवटी 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा कागद आला. दादाने सही केली.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना दादाच्या घरी घेऊन गेलो, तर वहिनी म्हणाली, "आजचा दिवस थांबा." चौथ्या दिवशी दुपारी दादा गेला. बाबांनी एवढंच विचारलं, "मध्ये कुणी अशुद्ध हाताने बाटली उतरवली होती का?" तेव्हापासून वहिनी मला दार उघडत नाही.

युक्ती उघडी पाडली की लोक शहाणे होतात, असं मला वाटायचं. निदान त्या दिवशी तरी होत नाहीत. म्हणून घरातली माणसं धडधाकट असतानाच हे बोला. एक बाटली आणि नळी घ्या, पाणी भरा, वरखाली करून स्वतः पाहा. दाब उंचीचा असतो, कुणाच्या पुण्याईचा नाही. नळीत रक्त दिसलं तर सिस्टरला हाक मारा. आणि उपचार अर्धवट सोडायचा कागद समोर आला तर सही होऊ देऊ नका. तापात दादाला सही नीट जमत नव्हती. कागद मी धरला होता.