एकटीनं उचलायचं झाकण

मागचं झाकण वर राहत नाही, एवढ्या कारणावरून माझं येलदरीच्या धरणावर जाणं रद्द होईल असं माझ्या धाकट्या भावाला वाटलं होतं. उद्धव त्याचं नाव. मी प्रभावती. गंगाखेडला पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्यामुळे मी कुठं निघाले की 'सोबत कोण?' हा प्रश्न घरात माझ्या आधी तयार असतो. उत्तर देऊन देऊन माझी जीभ झिजली.

ती कटकट संपवायची म्हणून मी गाडी करून घेतली. मोबाइलवर पाहिली होती. पाण्याच्या थेंबासारखी, कारच्या मागं जोडायची चाकांवरची खोली. आत एक माणूस निवांत झोपेल एवढी जागा. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली ओटा, शेगडी, पाण्याचा कॅन. कार माझ्याकडं होतीच. मी मापं काढून कागद सितारामला दिला. सिताराम माझा जुना विद्यार्थी. उसाच्या ट्रॉल्या करतो आणि वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही.

गाडी दारात आली. मी दात-ओठ खाऊन झाकण वर केलं. ते वर राहावं म्हणून सितारामने एका जुन्या कारच्या डिकीचे शॉकर लावले होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माना टाकल्या आणि झाकण माझ्या मनगटावर आलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

उद्धव ओसरीवर आरामखुर्चीत बसून हे बघत होता.

"आक्का, म्हणलं नव्हतं? ते झाकण धरायला गडीमाणूस लागतंय. मला नेत जा संगं."

"तुला नेलं तर झाकणापेक्षा तुलाच जास्त सांभाळावं लागंल."

त्याची बायको माधवी पदराआड हसली. ते त्याला झोंबलं. तो म्हणाला, "असं कर. रविवारी समद्यांसमोर एकटीनं झाकण उघड, त्याच्याखाली च्या करून दाखव. मंग जा कुटंबी. न्हाई जमलं तर गाडी इकायची. हाय कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मनगट सुजत होतं, पण ते मी त्याला कशाला दाखवू?

माझ्या हातात चार दिवस होते. पहिल्या दिवशी बांबू लावला. वारा आला, बांबू सटकला. दुसऱ्या दिवशी साखळी घेऊन झाकण कडुलिंबाच्या फांदीला अडकवलं. छान राहिलं, पण मी जिथं जाईन तिथं कडुलिंब थोडाच माझी वाट बघत उभा असणार! तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधकामावरून स्लॅबखाली लावतात तो लोखंडी टेकू मागून आणला. त्याने झाकण पेललं असतं, पण टेकू उभा करायला तिसरा हात कुठून आणू? सगळे उपाय वर गेलेलं झाकण धरणारे होते. ते वर जाईपर्यंत कोणी धरायचं, इथंच घोडं पेंड खात होतं. खरं सांगते, त्या दुपारी मी न्हाणीघरात जाऊन रडले. झाकणासाठी नाही. उद्धव बरोबर ठरतोय की काय, या भीतीनं.

बाहेर आले तर उद्धव आरामखुर्चीची पाठ उंच करत होता. त्यानं पाठ थोडी उचलली आणि मागचा दांडा आपोआप पुढच्या खाचेत जाऊन बसला. टक्.

"ऊठ," मी म्हणाले.

"काय झालं?"

"ऊठ म्हणते ना!"

तो उठला. मी खुर्ची उलटी केली, खाचांचं माप घेतलं आणि तडक सितारामचं दुकान गाठलं. झाकणाच्या दोन्ही बाजूंना खाचांच्या पट्ट्या हव्यात, झाकण जेवढं वर जाईल तेवढं तिथंच अडकलं पाहिजे, खटका सोडला की खाली आलं पाहिजे, हे त्याला समजावलं. शनिवारी सकाळी गाडी त्याच्याकडं नेली. पट्टी जागेवर धरायला त्यानं त्याचं चुंबक काढलं आणि रंग दिलेल्या झाकणाला लावलं. ते खटकन चिकटलं.

मी चुंबकाकडं पाहिलं. मग सितारामकडं.

"सिताराम, कागदावर मी कोणता पत्रा लिहिला होता?"

"अल्युमिनिअमचा, बाई."

"अल्युमिनिअमला चुंबक चिकटतं?"

हे मी त्याला सहावीत शिकवलं होतं. त्यानं मान खाली घातली. "उद्धवदादा येऊन गेलते, बाई. म्हणले, ट्रॉलीच्या तळाचा पत्रा घाल. झाकण असं कर की दोन माणसं लागली पायजेत. त्यांच्या ट्रॉल्या दुरुस्तीला माझ्याकडंच असत्यात, न्हाई कसं म्हणावं? चुकलं माझं. आत्ता बदलून देतो, फुकटात."

मला इतका राग आला की मी ते चुंबक झाकणावरून ओढून काढलं.

"नको," मी म्हणाले. "हलकं केलंस तर तो म्हणंल, वजन कमी केलं म्हणून जमलं. हेच झाकण राहू दे. तू खाचा नीट काप."

रविवारी सकाळी अंगणात शेजारपाजारचे जमले. मी झाकणाखाली हात घातला. गुडघ्यापर्यंत आणलं, टक्. हात सोडून श्वास घेतला. कमरेपर्यंत, टक्. मग खांदा लावला. मनगटातून कळ गेली आणि तोंडातून 'आई गं' निघालं. उद्धव हात पुढं करून धावला.

"हात मागं घे!" मी ओरडले.

टक्. टक्. झाकण डोक्यावर गेलं आणि राहिलं. मी शेगडी पेटवली, चहा टाकला, एक कप गाळला आणि सर्वांसमोर उभ्याउभ्या प्यायले.

"पत्रा तू बदलायला लावलास," मी उद्धवला म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "तुझ्या काळजीपोटी केलं, आक्का. एकटी बाई, कुटं काय झालं तर?"

"काळजी असती तर झाकण हलकं केलं असतंस."

मी भांडी आवरली, झाकण खांद्यावर घेऊन खटका सोडला आणि खाली आणलं. तेवढ्यात माधवी पुढं आली. "आक्का, मला उचलून बघू द्या."

तिनं पदर खोचला. गुडघा, कंबर, खांदा. ती माझ्याहून दमदार, एकदासुद्धा थांबली नाही.

"तुला कशाला पायजे ते?" उद्धव म्हणाला.

"कार शिकायचीय मला," ती झाकणाखालूनच म्हणाली. "मंग ही गाडी घेऊन जाणार."

"एकटी?"

"एकटीनंच उघडतंय की."

येलदरीहून बुधवारी परत येते, गुरुवारी सकाळी सहाला कार शिकायला तयार राहा, असं मी तिला सांगितलं आणि निघाले.