वांग्यातला जवळा

दिंडोशीच्या कॉलनीच्या गेटावर सप्ताहाचा फ्लेक्स लागला त्या दिवशी विमला धुरी चार वेळा खाली जाऊन आली. एकदा कोथिंबीर आणायला, एकदा मिरच्या राहिल्या म्हणून, आणि दोनदा तर काहीच कारण नसताना. फ्लेक्सवर सात दिवसांचे सात कीर्तनकार. सहा फेटेवाले बुवा, आणि चौथ्या दिवशी, बरोब्बर मधोमध, नऊवारीतली ती स्वतः. ‘ह.भ.प. विमलाताई धुरी.’ मुलाने, सर्वेशने, फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

“आई, डोळे मिटलेत तुमचे फोटोत,” सून श्वेता म्हणाली.

“मिटूंदेत गो. कीर्तनात मिटतातच.”

देवाच्या दारात उभं राहायची हौस वाईट नव्हे. ज्याला कीर्तनाची गोडी लागली त्याला ती सुटत नाही, आणि विमलेला ती सहा वर्षांपूर्वी लागली. नवरा गेला त्या वर्षी. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करत करत तो गेला, आणि तेराव्यानंतर विमला कॉलनीतल्या विठ्ठलमंदिरात जाऊन कुंडलिकबुवांपुढे बसली. म्हणाली, “माळ घाला माका.” तुळशीची माळ गळ्यात आली की मासे-मटण बंद, ते मरेपर्यंत. मालवणाजवळच्या आचऱ्याच्या बाईने मासे सोडले म्हणजे काय सोडलं, हे घाटावरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घरी मुलासाठी कालवण तीच रांधायची, पण मीठ अंदाजाने घालायची. चाखायला श्वेता. पळी धुताना बोटाला रस लागला तर हात कोपरापर्यंत साबणाने घासायची.

सहा वर्षं ती बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या ओळीत उभी राहिली. ऐकून ऐकून निरूपण शिकली, शंभर पानी वहीत उतरवून ठेवलं. आणि या माघात बुवांनी भर मंडळात सांगितलं, “चौथ्या दिवशी गादीवर विमला उभी राहील.” त्या देवळात कीर्तनाच्या गादीवर बाई कधी उभी राहिली नव्हती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इरावती राऊळनेही वाजवल्या. इरावती मूळची वेंगुर्ल्याची, महिला मंडळाची अकरा वर्षं प्रमुख. पेटी तिची, गळा तिचा. पण गळ्यात माळ नाही. बुवांचा नियम असा की माळ नाही तर गादी नाही, आणि इरावतीचं म्हणणं असं, की देव मला बांगड्यासकट घेईल तर घेईल.

आता या मंडळाची एक रीत होती. सप्ताहाचे सात दिवस बायका मासे खात नसत, म्हणून आधीच्या रविवारी सगळ्या मिळून तोंड मोकळं करून यायच्या. यंदा ठरलं मनोरी. मालाडहून बस, मार्व्याहून बोट, पलीकडे माणिकबाय कोळणीच्या ओटीवर जेवण.

“मी येऊन काय करू गो? तुमचे काटे मोजू?” विमला म्हणाली.

“आमची कीर्तनकारीण नको काय आमच्याबरोबर?” इरावतीने तिचा हात धरला. “तुझ्यासाठी वेगळा शाकाहारी सांगतंय मी माणिकबायक. माझ्यावर सोड.”

बोटीत सातजणी. खाडीचा खारा वारा आला आणि सगळ्यांच्या जिभा सुटल्या. नीलम, मंडळात सगळ्यात धाकटी, पार्लरवाली, विमलेच्या मांडीला मांडी लावून बसली होती. “विमलाकाकू, खरं सांगा ना, वास आला की काय होतं तुम्हाला?”

“काय होणार? वास तो वास.”

“झूठ! मला तर फोटो बघूनच भूक लागते यार.”

“तुका भिंत बघूनही भूक लागता,” इरावती म्हणाली, आणि बोट हसली.

माणिकबायच्या ओटीवर जाळी वाळत घातलेली, अंगणात बोंबलांच्या दोऱ्या. पोचल्या पोचल्या इरावती चुलीकडे गेली, बराच वेळ काहीतरी बोलून आली. मग पानं मांडली. तळलेले कुरकुरीत बोंबील, सुरमईचं कालवण, शिंपल्यातल्या तिसऱ्या, तांदळाची भाकरी. बायका जेवायला लागल्या की बोलणं आपोआप थांबतं, तसं थांबलं. विमलेपुढे माणिकबायने वाटी ठेवली. भरली वांगी, वर लालसर तेल.

“जेव गो बाय, पोटभर जेव.”

विमलेने भाकरी मोडली, घास घेतला. वांगं लोण्यासारखं मऊ, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ. आणि या सगळ्याच्या मागून, दाराआडून कुणी डोकावावं तसा, सुकवलेल्या इवल्या कोळंबीचा जवळा. भाजून कुटलेला, मसाल्यात मिसळून गेलेला. डोळ्यांना दिसणार नाही, पण आचऱ्याच्या जिभेला न कळण्यासारखा नव्हे. तिची आई वांग्यात असाच जवळा कुटून घालायची. बाजारात मासळी नसली की तेवढ्यावर सात पोरं जेवायची.

घास तोंडातच राहिला. आता उठावं, अंगणात जाऊन थुंकावं, चूळ भरावी, माळ डोळ्यांना लावावी. एवढंच करायचं होतं. विमलेने मान वर केली. नीलम तिसऱ्या चोखत होती. इरावती खाली मान घालून सुरमईचा काटा काढत होती, अगदी निवांत, जणू जन्माचा शेवटचा मासा जेवत असावी. विमलेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

कोणालाच माहीत नाही, तर मलाही माहीत नाही, असं विमलेने ठरवलं आणि घास गिळला.

मग दुसरा घेतला. वाटी संपली. माणिकबायने आणखी वाढलं, तेही संपलं. आणि तिसऱ्यांदा, कोणी विचारलं नसताना, विमलेच्या तोंडून गेलं, “माणिकबाय, वांगा हा काय गो अजून थोडा?”

तेव्हा मात्र इरावतीने मान वर केली. हसली, आणि परत काटा काढू लागली.

परतीच्या बोटीत ऊन मऊ झालं होतं. बायका सुस्तावल्या होत्या. इरावतीने बडीशेप वाटली आणि म्हणाली, “विमला, वांगी कशी होती?”

“बरी होती.”

“जवळो कमी पडलेलो काय?”

नीलमला हसू फुटलं. तिला आधीच ठाऊक होतं. तोंडावर पदर दाबून ती अशी हसली की डोळ्यांत पाणी आलं. “काकू, तीन वाट्या! तीन वाट्या खाल्ल्या तुम्ही!”

विमलेचा हात माळेवर गेला. “काय ता? जवळो? अरे देवा माझ्या! माका कसा कळाचा? माका काय म्हायत?” ती रडायला लागली. खरंच रडली. बाकीच्या बायका इरावतीवर तुटून पडल्या. एक म्हणाली, गमतीला काही सुमार आहे की नाही. दुसरीने विमलेला पोटाशी धरलं. “अजाणता झालं गं, देव बघतो ना सगळं.” आणि रडता रडता विमलेला बरं वाटलं, कारण सगळ्यांना खरं वाटलं होतं.

इरावती बडीशेप चघळत पाण्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकड आरतीनंतर विषय बुवांपर्यंत गेला. कुंडलिकबुवा मोठ्या मनाचे. जन्म घाटावरचा, मासा फक्त चित्रात पाहिलेला. त्यांनी आधी इरावतीला झापलं. मग विमलेच्या डोक्यावर हात ठेवला. “न कळत पोटात गेलं त्याचा दोष नाही, बाई. एक एकादशी निर्जळ कर. गादी तुझीच.”

विमला पाया पडायला वाकली.

“बुवा, एक विचारू?” इरावती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, पूजा सांगताना असतो तसा. “तुम्ही घाटावरचे, म्हणून तुम्हाला वाटतं न कळत गेलं. मी वेंगुर्ल्याची. मालवणी बाईला भर झोपेत वांगं भरवा, तरी ती सांगेल जवळा नवा की जुना. गंमत नव्हती ती. मला बघायचं होतं, ही थुंकते की गिळते. थुंकली असती तर मी हिच्या पायांवर डोकं ठेवलं असतं आणि चौथ्या दिवशी हिच्या मागे पेटी वाजवली असती. विचारा हिला. देवासमोर उभी आहे. कधी कळलं?”

बुवा गोंधळले. “विमला? तुला कळलं होतं?”

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. बुवांनी विश्वास ठेवला असता, बायकांनी ठेवला असता, फ्लेक्स तसाच राहिला असता. विमलेने पांडुरंगाकडे पाहिलं. काल बोटीत बोलता आलं होतं. इथे, धुपाच्या वासात, जीभ हलेना.

“पहिल्याच घासाक,” ती म्हणाली.

बुवांनी डोळे मिटले. मग हात पुढे केला. तिने माळ काढली. सहा वर्षांत मणी घासून गुळगुळीत झाले होते, गळ्यावर पांढरा पट्टा राहिला होता. “मी नाही काढत, बाई, नियम काढतो,” बुवा म्हणाले. पण चौथा दिवस रिकामा कसा ठेवायचा? इरावती पुढे झाली आणि गुडघे टेकून बसली. “मला घाला, बुवा. मी काल शेवटचं जेवून आले.”

जाता जाता बुवा म्हणाले, “विमला, तुझं निरूपण चांगलं होतं. वही इरावतीला दे. आणि चौथ्या दिवशी टाळ घेऊन ये हो. ठेका तुझ्याइतका कोणाचा पक्का नाही.”

फ्लेक्स नवा छापायला वेळ नव्हता. इरावतीचा फोटो वरून चिकटवला. कडेने विमलेच्या नऊवारीचा काठ तेवढा दिसत राहिला.

चौथ्या दिवशी मंडप भरला. सर्वेशच्या ऑफिसातले आठदहाजण बाहेरच चपला काढून मागे येऊन बसले. नको म्हणून सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं, आणि काय कारण सांगणार? इरावती गादीवर उभी राहिली. गोरी, ठसठशीत, गळ्यात कोरी माळ. मागे ओळीत तिसरी विमला, हातात टाळ. आणि खोटं कशाला बोला, इरावती बोलली सुंदर. वहीतली वाक्यं तिच्या गळ्यातून सोन्यासारखी निघाली. नेम धरणं सोपं, नेमाने आपल्याला धरलं पाहिजे, हे वाक्य विमलेने दोन महिने घोळवून लिहिलं होतं. त्यावर माना डोलल्या.

मग दृष्टांत आला. कीर्तनात कीर्तनकार पदरची गोष्ट सांगतो ती. वहीत ती नव्हती.

“एक होती बाई. माळकरी. मैत्रिणींबरोबर गेली बेटावर जेवायला. पानात आलं वांगं...” इरावतीने डोळे मोठे केले, बोटांनी घास उचलला, तोंडात घातला. “मऊ, लोण्यासारखं. ओलं खोबरं. चिंच. आणि मागून हळूच, भाजून कुटलेला जवळा! बाईला कळलं हो. पण बाई काय म्हणते?” तिने मालवणी हेल काढला. “‘वांगा हा काय गो अजून थोडा?’”

मंडप हसून लोटपोट झाला. मागे ऑफिसवाले हसले. सर्वेशही हसला, आईचा हेल ओळखू येईपर्यंत.

विमलेने वर पाहिलं नाही. इरावतीने वांगं असं काही वर्णन केलं होतं, की ते ऐकताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिने ते गिळलं. बुवांनी मागून नामाचा गजर उचलला, इरावतीने हात वर केले, आणि विमलेचा टाळ नेमका समेवर पडला.