धारेचा सदरा

"कसले डाग आहेत काका?" निळा टी-शर्ट घातलेल्या मुलीनं विचारलं आणि कृष्णात गडबडला.

प्रश्न काही अवघड नव्हता. कपड्याच्या साबणांच्या फळ्यांसमोर उभी राहून ती पोरगी येईल त्याला हेच विचारत होती. उत्तरही एका शब्दाचं होतं. शेण. मिसरूड फुटल्यापासून ज्या माणसाच्या अंगाखांद्यावर शेणाचे शिंतोडे उडत आले, त्याला तो शब्द उच्चारायला कसली आलीय लाज? पण राजारामपुरीतल्या त्या मॉलमध्ये, त्या गारेगार हवेत, ट्रॉल्या ढकलणाऱ्या बायकांच्या गर्दीत तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

"तेलाचं हाईत," तो म्हणाला. "फौंड्रीत हाय मी. शिरोलीला."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. शिवाजी पेठेत त्याचा गोठा होता. रोज संध्याकाळी तो म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळता गिलास त्याच्या हातात द्यायचा. निम्मी पेठ त्याच्या हातचं दूध पिऊन वाढलेली. आणि हा गडी एका अनोळखी पोरीपुढं फौंड्रीवाला होऊन बसला. तिनं मात्र काही मनावर घेतलं नाही. मशीन पुढून उघडतं का वरून, असं विचारलं. कृष्णात "धुण्याचा दगड" म्हणणार होता, सावरून "बादली" म्हणाला.

मग तिनं दुकानच मांडलं. ही पावडर, ही जास्त फेसाची पावडर, ही वडी, हे पातळ, ही जेलीसारखी गोळी, आणि हे शेवटच्या पाण्यात घालायचं, कपडा मऊ राहतो आणि वास आठवडाभर जात नाही. कृष्णातच्या घरात साबणाच्या जाती दोनच, वडी आणि सुट्टी पावडर. तिनं एकेक झाकण उघडून त्याच्या नाकापुढं धरलं. एक गुलाब, एक चमेली, एक म्हणे समुद्राची झुळूक. समुद्र त्यानं एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, आणि तिथं वास येत होता तो सुकटीचा. त्याची नजर फळीवरून फिरत फिरत एका जांभळ्या बाटलीवर थांबली. ही त्याच्या ओळखीची होती.

ही बाटली त्याच्या घरात होती. पूर्णिमाची.

पूर्णिमा त्याची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाली, एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागली, आणि नोकरी लागल्यावर थोड्याच दिवसांत तिनं आपले कपडे वेगळे धुवायला सुरुवात केली. घरच्यांचे कपडे मागच्या अंगणात, गोठ्याला लागून वाळायचे. हिचे गच्चीवर. कुणी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. पण एकदा कृष्णात गोठ्यात पेंड कालवत असताना भिंतीपलीकडं ती आईला रडवेल्या आवाजात सांगत होती, ऑफिसात एकीनं विचारलं, तुमच्याकडं म्हशी आहेत का गं? मी तर कुणाला सांगितलंच नव्हतं.

कृष्णातचा हात पेंडीत तसाच राहिला. त्यानं हे बायकोजवळसुद्धा कधी काढलं नाही. पोरगी जवळून गेली की तो आपण होऊन दोन पावलं मागं सरायला लागला, एवढंच. आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळता कामा नये, एवढी एक गोष्ट त्यानं जिवापाड जपली होती.

आता तिचं लग्न ठरत आलं होतं. ऑफिसातलाच मुलगा, उन्मेष. वडील नाहीत, आई पद्मजाबाई, हायस्कूलच्या निवृत्त शिक्षिका. बोलायला गोड बाई. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा कृष्णात गोठ्यातून हातपाय धुऊन आला, नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. तेवढ्यात पद्मजाबाईंचा हात पदराकडं गेला आणि पदर नाकाकडं. क्षणभरच. लगेच त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी पदर खाली घेतला आणि पोह्यांची तारीफ सुरू केली. पण पूर्णिमानं ते पाहिलं होतं, आणि तिनं पाहिलेलं कृष्णातनं पाहिलं होतं. त्या रात्री जेवण त्याला गोड लागलं नाही.

आणि आता उन्मेषनं नवीनच काढलं होतं. आईनं धारोष्ण दूध कधी प्यायलं नाही, म्हणून रविवारी तो तिला कट्ट्यावर घेऊन येणार. दूध पिऊन झालं की तिथंच साखरपुड्याची तारीख ठरवू, असं बाईच म्हणाल्या. म्हणजे तोच पदर आणि तेच नाक, आणि तेही भर चौकात, पोरीच्या डोळ्यांदेखत. कृष्णातचा जीव टांगणीला लागला होता तो यापायी.

"हीच द्या," तो त्या मुलीला म्हणाला. "आन् ते मऊ हुतंय ते पन."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. धार काढणाऱ्या माणसाचा एक सदरा असतो. धारेचा सदरा. कृष्णातच्या वडिलांचा होता, आज्याचाही होता. त्याला साबण लावायचा नाही, ही घरची रीत. नुसत्या पाण्यातून खंगाळायचा, पिळायचा, वाळत टाकायचा. कारण म्हैस माणसाला डोळ्यांपेक्षा नाकानं जास्त ओळखते. वास ओळखीचा असला तर ती पान्हा सोडते, नाहीतर चोरते. हे कृष्णातला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण माणसाला एकदा लाज वाटायला लागली की अक्कल गहाण पडते. त्यानं मनाची समजूत घातली की एक दिवसानं काय होतंय. मैना आपल्या हाताखालची म्हैस, आपला आवाज ओळखते, हात ओळखते.

शनिवारी दुपारी पूर्णिमा घरात नाही असं बघून तो धुणं घेऊन दगडावर बसला. धारेचा सदरा, लेंगा, टॉवेल, डोक्याचा पंचा, काही म्हणून सोडलं नाही. झाकणभर घाला म्हणून बाटलीवर लिहिलेलं, ह्यानं मापाकडं बघितलंच नाही, हात सैल सोडला. फेस अंगणभर झाला. बायको तानाबाई दारात येऊन उभी राहिली.

"अवं, तुमी धुनं कवापास्नं धुवाय लागला?" ती हसत म्हणाली. मग बाटलीकडं तिची नजर गेली आणि हसू मावळलं. सदऱ्यालाबी लावलासा व्हय, एवढंच तिनं विचारलं. तो सदरा चोळत राहिला. नवऱ्याच्या मनात काय आहे ते तिला कळलं असावं, कारण ती पिळे घट्ट करायला तेवढी खाली बसली.

रविवारी संध्याकाळी मैनाच्या पाठीवर तिचं रोजचं पोतं टाकून कृष्णात तिला घेऊन कट्ट्यावर आला तेव्हा फुलांच्या दुकानातून आल्यासारखा दरवळत होता. सदरा पांढराफेक, केसांना तेल. आकाराम रिक्षावाला रोजचा गिऱ्हाईक, त्यानं लांबूनच नाक वर केलं आणि कृष्णातदा, लगीन पोरीचं हाय का तुमचं, म्हणून टोमणा मारला. बाकीचे हसले. कृष्णातही हसला. त्याला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. येऊ द्या विहीणबाईंना, घेऊ द्यात वास, असं त्याच्या मनात होतं.

मैना मात्र वाटेतच बिथरली होती. फुरफुरत होती, दावं ओढत होती. गाड्यांच्या हॉर्ननं बिथरली असेल, असं त्यानं मानून घेतलं.

पद्मजाबाई आल्या. उन्मेष आला. पूर्णिमा नव्या ड्रेसात, दोघांच्या मधे. नमस्कार झाले. कृष्णात मुद्दाम एक पाऊल जवळ गेला, आणि पदर जागचा हलला नाही. त्याला हायसं वाटलं. पूर्णिमानं मात्र एकदम त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या सदऱ्याकडं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तो वास ती रोज अंगावर घेऊन ऑफिसला जात होती, तिला तो ओळखू येणार नाही होय? एवढी साधी गोष्ट ह्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती.

तो घाईघाईनं मैनाजवळ उकिडवा बसला, कासेवर पाणी मारलं आणि सडांना हात घातला. मैनानं मान वळवून त्याला हुंगलं, आणि पाय झाडला. बादली लवंडून रस्त्यावर गेली. त्यानं चुचकारलं, पेंड पुढं केली, पाठीवरून हात फिरवला. परत बसला. एक थेंब नाही. तिनं पान्हा साफ चोरला होता. तिच्या लेखी खाली कुणी परकाच माणूस बसला होता.

गिऱ्हाइकं गिलास घेऊन खोळंबली. आधी थट्टा झाली, मग कुजबुज. म्हैस आजारी हाय काय, अशी कुणीतरी शंका काढली. पद्मजाबाई रिकामा गिलास दोन्ही हातांत धरून अवघडून उभ्या होत्या. राहू द्या हो, पुन्हा कधी येऊ, असं त्या म्हणाल्या तेव्हा तर कृष्णातला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. विहीणबाई दारातून उपाशी जाणार, आणि ज्या हातांवर घर चाललं ते हात चारचौघांत नालायक ठरणार.

"न्हाय, थांबा," तो म्हणाला.

त्यानं सदरा काढला. गुंडाळून कट्ट्यावर ठेवला. उघड्या अंगावर मैनाच्या पाठीवरचं पोतं ओढून घेतलं. कधीच न धुतलेलं, शेणामुतात भिजून वाळलेलं, केसाळ पोतं. भर चौकात, विहीणबाईंच्या समोर, ते पोतं पांघरून तो म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसला. मैनानं पुन्हा हुंगलं. थोडा वेळ तशीच राहिली. मग तिच्या अंगातला ताठा गेला आणि पहिली धार बादलीत वाजली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं कृष्णातला वाटलं. त्यानं गिलास भरला आणि मान वर न करता, हात लांबात लांब करून पद्मजाबाईंना दिला.

त्यांनी घेतला. दोन घोट प्यायल्या. दूध छान आहे म्हणाल्या. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, पूर्णिमाला हळूच विचारलं, "बाबा रोज असेच बसतात का गं? थंडीवाऱ्याचं?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. तिनं हो म्हणावं म्हणून कृष्णातनं देव पाण्यात ठेवले. पण पूर्णिमानं कट्ट्यावर गुंडाळून ठेवलेल्या सदऱ्याकडं पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. पद्मजाबाईंशी ती एरवी पुस्तकातलं बोलायची, आज तिचं भान राहिलं नाही. "पप्पांचा सदरा असतोय धारंचा. त्येला साबण लावत न्हाईत. त्येनी काल माझ्या साबणानं धुतला. मला घाण वास येतोय म्हणून. मी कधी बोललो न्हाय त्यास्नी, तरी कळलं."

पद्मजाबाईंनी गिलास तोंडाला लावला आणि खाली आणलाच नाही, तोंड झाकायला दुसरं काही नव्हतं त्यांच्यापाशी. उन्मेष चपलेकडं बघत राहिला. कृष्णातच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी चव्हाट्यावर आली. पोरीनं आपल्या बाजूनं बोलावं ह्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याला वाटली ती लाजच. तिच्यासाठी आणि स्वतःसाठी, दोन्ही एकदम.

पूर्णिमा पुढं आली. मैना अधूनमधून दाव्याला हिसके देत होती. तिनं दावं आपल्या हातात घेतलं आणि दुसऱ्या हातानं म्हशीचा गळा खाजवत उभी राहिली. मैनानं तिच्या नव्या ड्रेसच्या बाहीला ओलं तोंड पुसलं.

"लांब हो," कृष्णात खालूनच म्हणाला. "कापडास्नी वास लागंल."

ती हलली नाही. तिच्या रडण्याचा बारीक आवाज त्याला म्हशीच्या पोटापलीकडून ऐकू येत होता. त्यानं पोतं खांद्यावर सारखं केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा गिलास मागितला.