बारावी जागा

"आता तुमची पाळी, नोरीनबाई," कॉय म्हणाला. नोरीननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बिनछपराच्या घराकडे.

घर कसलं, जुन्या दगडखाणीच्या तळाशी फळ्या ठोकून उभ्या केलेल्या तीन खोल्या. आत पुठ्ठ्याची माणसं. कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या हातात फोन. दार ढकलून आत जायचं, माणूस दिसला की ओरडून विचारायचं, त्याचे हात बघायचे आणि मग काय ते ठरवायचं. कॉय मागून चालतो, एक हात आपल्या खांद्यावर ठेवून.

माझी आणि ट्रूडीची पाळी होऊन गेली होती. मी एका फोनवाल्याला ठार केलं होतं. ट्रूडीनं माणसाला सोडून दाराची चौकट उडवली होती.

"शेरीफला सांगू, चौकटच अंगावर धावून आली," मी म्हटलं.

"तू बोलूच नकोस. तुझा तो बिचारा बायकोला फोन लावत होता," ट्रूडी म्हणाली.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. उन्हाळ्यात आमच्या के रोडवरची दोन घरं फुटली. दुसऱ्या घरात म्हातारी ओरा एकटी होती. तिच्या दुखण्याच्या गोळ्यांसाठी दोघं घुसले, तिला ढकललं, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शेरीफची गाडी यायला पाऊण तास लागला. तेव्हा मीच ठरवलं, की आपण तिघींनी कॉयच्या शनिवारच्या वर्गाला जायचं आणि शॉटगन नीट शिकून घ्यायची. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी, माणसं गोळा करून कुठंतरी नेऊन सोडायची खोड जात नाही. कॉयसुद्धा माझ्याच बसमधला. शेरीफच्या खात्यात पंचवीस वर्षं काढली आणि आता या खाणीत लोकांना नेमबाजी शिकवतो. नोरीननं शाळेच्या स्वयंपाकघरात त्याला बारा वर्षं जेवू घातलं आहे. त्यामुळे तो आम्हाला अहो-जाहो करतो आणि आम्ही त्याला अरे-तुरे.

नोरीन यायला एका पायावर तयार झाली, याचंच मला नवल वाटलं होतं. तिचा नवरा डेल्बर्ट, त्याच्या डोक्यानं दोन वर्षांपासून दगा दिला आहे. त्याला सोडून ती चर्चलासुद्धा येत नाही. आज तिची जाऊ त्याच्यापाशी बसली होती. तिनं आणलेली बंदूक त्याचीच, लावे आणि बदकं मारायची. दुरुस्तीला नेते, असं तिनं त्याला सांगितलं होतं आणि तशी चिठ्ठी लिहून बंदुकीच्या खुंटीला अडकवली होती. तिला नेमही त्यानंच शिकवलेला. सकाळी गोल ठिपक्यावर तिचे छर्रे असे एकजागी बसले, की कॉयनं तो कागद सगळ्या वर्गात फिरवला. नोरीनला मात्र त्याचं काही नव्हतं. ती सकाळपासून चार वाक्यं बोलली असेल. मला वाटलं, घाबरली आहे. मी गाडीत तिची थट्टासुद्धा केली.

भिंतींच्या वरून एक फळीची वाट आहे, तिथून आतलं दिसतं. मी वर चढले. पहिल्या खोलीत फोन धरलेली पुठ्ठ्याची बाई होती. नोरीननं ओरडून विचारलं, हात पाहिले आणि नळी खाली केली. एकदम बरोबर. कॉयनं मान डोलावली आणि दोघं दुसऱ्या खोलीत वळले.

तिथे कोपऱ्यात बंदूक रोखलेला पुरुष होता.

"कोण आहे?" नोरीननं विचारलं. मघासारखं ओरडून नाही. झोपलेल्या माणसाला उठवावं, तितक्या हळू. बंदूक तिनं खांद्याला लावलेली होती, पण बोट चापाच्या बाहेर.

"कोण आहे? मी आहे. कपडे घेऊन आले आहे."

कॉयचा हात तिच्या खांद्यावर तसाच होता. "नोरीनबाई, त्याच्या हातात बंदूक आहे."

"माहीत आहे."

"मग थांबलात कशाला? तो झाडेल."

"नाही झाडत. नीट बोललं की ठेवतो तो खाली," नोरीन म्हणाली. तिचे हात हलत नव्हते. "त्याला फक्त घाई करायची नाही."

खाणीत दुसरीकडे वर्गातली माणसं गोळ्या झाडत होती. मला कळलं होतं. सगळं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. मी शिडीवरून खाली उतरले.

कॉयनं तिच्या हातातून बंदूक अलगद काढून घेतली, काडतुसं काढली आणि तिला बाहेर आणून आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसवलं. ट्रूडीनं थर्मासमधली कॉफी दिली. नोरीननं कप दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. "सकाळचे अकरा वाजले होते. वाळलेले कपडे घेऊन मी आत आले, तर डेल्बर्ट बोळात उभा. बंदूक माझ्या छातीवर. म्हणाला, माझ्या घरात काय करते आहेस? मी म्हटलं, तुमच्या बायकोनं कपडे द्यायला पाठवलंय. तर म्हणाला, मग बस इथं, ती येईपर्यंत. दीड तास बसवून ठेवलं मला. बंदूक मांडीवर आणि नजर माझ्यावर."

"मग?" ट्रूडीनं विचारलं.

"मग भूक लागली त्याला. म्हणाला, अंडी करता येतात का? मी अंडी केली. खाल्ल्यावर त्याला ओळख पटली. म्हणाला, नोरीन, आज मीठ जास्त झालंय."

आम्ही कुणीच हसलो नाही.

"तीनदा झालं असं," ती म्हणाली.

मी तिच्यापासून दोन मैलांवर राहते. दर मंगळवारी फोन करते. तिला हवापाणी विचारते आणि माझ्या गुडघ्याचं रडगाणं सांगते. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की मी तिच्यावरच उखडले. "अगं, मग बंदूक घराबाहेर का नाही काढलीस? मला द्यायचीस."

"काढली होती. पोटमाळ्यावर ठेवली. दारावरच्या खुंटीला लावलेल्या बंदुकीला रोज सकाळी हात लावल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. दिसली नाही, तर दिवसभर सगळं घर उपसलं त्यानं. मग रस्त्यानं निघाला, चोर शोधायला. तीन मैलांवर चरात सापडला. पायात नुसते मोजे."

"निदान काडतुसं तरी लपवायचीस," ट्रूडी म्हणाली.

"ती कुठं कुठं आहेत, ते कळायला हवं ना. पन्नास वर्षं शिकार केलेला माणूस तो. प्रत्येक कोटाच्या खिशात, कॉफीच्या डब्यात, बुटात, ट्रॅक्टरच्या बैठकीखाली. अकरा जागा सापडल्या मला. त्या रिकाम्या केल्या, तरी तिसऱ्या वेळी बंदूक भरलेलीच होती." तिनं कप खाली ठेवला. "बारावी जागा अजून सापडली नाही."

कॉयचा हात नकळत स्वतःच्या कोटाच्या खिशाकडे गेला. आमच्याकडच्या प्रत्येक पुरुषाच्या कोटात दोन-चार काडतुसं विसरलेली असतात, त्याच्याही असणार.

"मी आज गोळ्या झाडायला शिकायला नाही आले, कॉय," नोरीन म्हणाली. "मला एकच सांग. बाहेरून जशीच्या तशी दिसेल, पण उडणार नाही, अशी करता येते का ही?"

"येते," तो म्हणाला. "काडतुसावर ठोका मारणारी पिन असते आत. ती काढली की संपलं. पण नोरीनबाई, ओराच्या घरात घुसलेल्या त्या दोघांना अजून पकडलेलं नाही. उद्या ते तुमच्या दारात आले, तर तुमच्या हातात नुसती काठी असेल."

"त्यांना काय कळणार आहे ती काठी आहे ते?"

"डेल्बर्टला कुठंतरी ठेवायला हवं," मी म्हटलं. "अशा माणसांसाठी जागा असतात. तुझा जीव जाईल एक दिवस."

"बंदूक गेली, तर तो एक दिवस तगत नाही. मलाच त्याच्यापासून तोडलं, तर किती तगेल?" ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी मरायला नाही घाबरत गं. पण त्यानं मला मारलं ना, तर त्याला कळणारसुद्धा नाही. तो मला तिथंच टाकून व्हरांड्यात जाऊन बसेल आणि नोरीन अजून का आली नाही म्हणून वाट बघेल. ती वाट कोण संपवणार?"

कॉयनं गाडीतून हत्यारांची पेटी काढली, फळीवर फडकं पसरलं आणि बंदूक खोलली. पिन आगपेटीच्या काडीएवढी. ती त्यानं नोरीनला देऊ केली. तिनं नको म्हटलं, तेव्हा स्वतःच्या खिशात घातली. "हवी झाली की फोन करा. कधीही," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून तो बराच वेळ फडक्याच्या घड्या घालत राहिला.

परतताना गाडी मी चालवली. ट्रूडीला तिच्या दारात सोडलं. नोरीनच्या घरी पोचलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिची जाऊ आत भांडी घासत होती आणि डेल्बर्ट व्हरांड्यात उभा होता, दाढी केलेला, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. हातात ती चिठ्ठी.

"दुरुस्तीच्या दुकानातून का?" त्यानं नोरीनला विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

स्वतःचं नाव त्याला रोज आठवत नसेल, पण हात काही विसरले नव्हते. त्यानं नळीखालची मूठ मागे ओढून आत पाहिलं, रिकामी असल्याची खात्री केली, नळी जमिनीकडे केली आणि चाप ओढला. खट्ट झालं. त्यानं मान कलती केली. पुन्हा मूठ ओढली, पुन्हा चाप. तेच खट्ट. माझ्या कानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नोरीनचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"बाई, हिची पिन नाही," डेल्बर्ट म्हणाला.

"नवी मागवली आहे. यायला वेळ लागेल," नोरीन म्हणाली.

त्यानं थोडा विचार केला. मग दारातून आत नजर टाकली, तिच्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणला.

"एक करा. माझ्या बायकोला हे सांगू नका. या रस्त्यावर चोऱ्या झाल्यात. घरात बंदूक चालत नाही म्हटल्यावर घाबरून जाईल ती."

"नाही सांगत," नोरीन म्हणाली.

त्यानं आत जाऊन बंदूक दारावरच्या खुंटीला लावली आणि येताना स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली. ती दारासमोर मांडली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. "पिन येईपर्यंत मी इथं बसतो," त्यानं मला सांगितलं.

नोरीन आत गेली आणि दुसरी खुर्ची घेऊन आली. ती तिनं त्याच्या शेजारी ठेवली.

"तिथं माझी बायको बसते," तो म्हणाला.

"ती आली की उठेन मी," नोरीन म्हणाली आणि बसली.